हिरव्या पाटीचं कूळ

हिंजवडीच्या आयटी पार्कात अनेक नव्या इमारतींना हरित मानांकन असतं: ‘लीड’ची पाटी, नाहीतर ‘ग्रिहा’चे तारे. लीड अमेरिकेची आणि ग्रिहा आपली, असं म्हणून विषय संपवतात. माझ्या मते दोघींचं कूळ एकच आहे: ऑक्टोबर 1973 ची तेलटंचाई.

अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपाचा भाव काही महिन्यांत 3 डॉलरवरून 12 च्या घरात गेला. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या अमेरिकी संस्थेनं 1975 मध्ये इमारतींच्या ऊर्जावापराचं मानक काढलं. लीडचे ऊर्जेचे गुण त्याच्याच वंशातल्या 90.1 या मानकावर मोजले जातात. इकडे 1974 मध्ये टाटा एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीच आजची टेरी, आणि ग्रिहा घडवली ती टेरीनंच. 2007 मध्ये ग्रिहा राष्ट्रीय मानांकन झालं.

तेल वाचवायला इमारती हवाबंद झाल्या, त्याचा माग तर थक्क करणारा आहे. ॲश्रेच्याच ताज्या हवेबद्दलच्या 1981 च्या मानकानं धूम्रपान नसलेल्या कार्यालयात माणशी मिनिटाला 5 घनफूट ताजी हवा पुरेशी मानली. कोंडलेल्या कार्यालयांतून डोकेदुखी, डोळ्यांची चुरचुर अशा तक्रारी आल्या आणि 1989 मध्ये आकडा 20 वर नेला. आज हिंजवडीतल्या इमारतीला ताज्या हवेचे गुण मिळतात ते या फसलेल्या काटकसरीमुळे.

‘हे सगळं आपल्या वाड्यांत होतंच,’ हा दावा मला पटत नाही. चौकानं वारा खेळवला खरा, पण गुणपत्रिका त्यातून निघाली नाही. ब्रिटनच्या ‘ब्रीअम’ मानांकनाचा दावा जास्त भक्कम आहे: ते 1990 चं, म्हणजे लीडच्या आधीचं. गुण देण्याची रीत त्याची, हे मान्य. पण कशाला किती गुण, यावर मला तेलाचाच ठसा दिसतो. 2009 च्या लीडमध्ये 110 पैकी 35 गुण ऊर्जेला आणि पाण्याला फक्त 10. टँकरवर जगणाऱ्या हिंजवडीनं स्वतःची यादी केली असती, तर हे आकडे कदाचित उलटे पडले असते.

महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनं ग्रिहाच्या 3, 4, 5 ताऱ्यांना अनुक्रमे 3, 5, 7 टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, दिली. बिल्डरही ताऱ्यांचा हिशोब मांडतात. जादा मजल्यांना पाणी कुठून आणणार, हा प्रश्न मात्र त्या हिशोबात यायला हवा.