स्पांडाउच्या हेडमास्तरांची रानफुलं

बर्लिनजवळच्या स्पांडाउ गावातल्या शाळेचे हेडमास्तर क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल १७८७च्या उन्हाळ्यात रानातल्या जिरेनियमचं फूल न्याहाळत होते. पाकळीच्या बुडाशी त्यांना बारीक, मऊ लव दिसली. ती उगाच उगवली असेल, हे त्यांच्या मनाला पटेना. भुवया-पापण्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू देत नाहीत, तशी ही लव पावसाचं पाणी मधात मिसळू देत नसणार, असं त्यांनी ताडलं. मग मध एवढा जपायचा तो कुणासाठी?

पुढच्या वर्षी फर्गेट-मी-नॉटच्या निळ्या फुलातलं पिवळं कडं त्यांच्या नजरेत भरलं. ते नेमकं नळीच्या तोंडाशी होतं, कीटकांना मधाची वाट दाखवायला. १७८९मध्ये आयरिस पाहिल्यावर तर शंकाच उरली नाही. त्या फुलाची घडणच अशी, की किडा आत शिरल्याखेरीज पराग कुक्षीपर्यंत पोचत नाहीत.

कीटकांमुळे परागीभवन होतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलरॉयटर यांनी आधीच लिहिलं होतं. श्प्रेंगेल यांनी मात्र फुलाची नळी, केस, ठिपके, वास, सारं काही या एका कामाशी जोडून दाखवलं. त्यासाठी ते ऐन दुपारच्या उन्हात, झाड जिथे उगवलं तिथेच ठाण मांडून बसत. १७९३च्या त्यांच्या ग्रंथात ४६१ वनस्पतींची निरीक्षणं आणि २५ चित्रफलक आहेत.

त्या वनस्पतींपैकी एक आपल्याकडच्या ईश्वरी वेलीच्या भावकीतली. तिच्या फुलाच्या अरुंद नळीत आत वळलेले ताठ केस असतात. चिमुकल्या माश्या सहज आत घसरतात, पण परत फिरू शकत नाहीत. परागकोश उघडतात, केस सुकतात, तेव्हाच त्यांची सुटका होते. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांतही असाच केसांचा पिंजरा असतो.

हे सगळं वाचायला त्या काळी फारसं कुणी तयार नव्हतं. पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्यात विद्वान गुंतले होते; कवी गटेलाही श्प्रेंगेल यांची मांडणी रुचली नाही. १७९४मध्ये श्प्रेंगेल यांची नोकरी सुटली. बर्लिनमध्ये शिकवण्या करत, हौशी मंडळींना रविवारी रानात नेत त्यांनी दिवस काढले. पण जिद्द सुटली नाही. १८११च्या पुस्तिकेत त्यांनी पिकांसाठी सरकारने मधमाश्यांची खडी फौज बाळगावी, असं ठामपणे मांडलं. आज बागायतदार भाड्याने पेट्या आणतात, तेव्हा ही सूचना किती दूरदृष्टीची होती ते कळतं. १८१६मध्ये ते वारले.

१८४१मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या सांगण्यावरून डार्विनने १७९३चा तो ग्रंथ वाचला आणि त्याचं मोल ओळखलं. एका मुद्द्यावर मात्र त्याने श्प्रेंगेल यांचं ऐकलं नाही. काही ऑर्किडांच्या शेपटासारख्या नळीत मध नसतोच, ती कीटकांना चक्क फसवतात, असं हेडमास्तरांनी लिहिलं होतं. एवढी मोठी फसवणूक डार्विनला अशक्य वाटली. रस नळीच्या भिंतीत असेल, असा त्याचा कयास. पुढच्या निरीक्षणांनी श्प्रेंगेल यांचं म्हणणं खरं ठरवलं. नवख्या मधमाश्या अशी एक-दोन फुलं धुंडाळतात आणि डोक्याला चिकटलेले परागपुंज घेऊन रिकाम्या पोटी पुढे जातात.