टेरेडो आणि नागअळी

लाकूड पोखरणारा सागरी शिंपला आणि पान पोखरणाऱ्या पतंगाची अळी. पहिला मृदुकाय, दुसरा कीटक; कूळ निराळे, धंदा एकच: वनस्पतीत बोगदा खणायचा, त्यातच राहायचे आणि तीच खायची.

टेरेडोला (टेरेडो नॅव्हॅलिस) जहाजाचा किडा म्हणतात. तो किडा नव्हे, तिसऱ्या-कालवांचा भाऊबंद आहे. अंग गांडुळासारखे लांब. शिंपा डोक्याशी उरलेल्या दोन लहान तुकड्यांपुरत्या, त्याही कानशीसारख्या वापरायच्या. बोगद्याला तो आतून चुन्याचे अस्तर करतो. लाकूड पचवायला कल्ल्यांतले जीवाणू मदत करतात. एकाच फळीत शेकडो असले, तरी एकाचा बोगदा सहसा दुसऱ्याच्या बोगद्यात घुसत नाही. बाहेरून दिसतात ती टाचणीने पाडल्यासारखी छिद्रे, म्हणून नुकसान कळते ते फळी मोडल्यावर. 1731 मध्ये हॉलंडच्या बंधाऱ्यांचे लाकूड याने असेच पोखरले होते. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारत, तो मुख्यतः याच्याच भीतीने.

नागअळी (फायलोक्निस्टिस सिट्रेला) मोसंबी-लिंबाच्या बागाईतदारांना नावानिशी ठाऊक असते. नवती फुटली की मादी कोवळ्या पानावर सुटी अंडी घालते. अळी पानाच्या पापुद्र्याखाली शिरून पेशी चिरते, रस पिते. मागे नागमोडी चंदेरी रेघ उरते, तिच्या मधोमध विष्ठेची काळसर ओळ. पुढे पानाची कड दुमडून ती कोषात जाते. पतंग पंख पसरून सुमारे 4 मिमी. खरे दुखणे पुढचे: फाटलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोगाचे जीवाणू शिरतात. 1993 मध्ये ही कीड अमेरिकेत फ्लोरिडात पोहोचली.

फरक आयुष्याच्या क्रमात आहे, आणि तुलनेची गंमतही तिथेच. टेरेडो लहानपणी पाण्यात मोकळा पोहतो. एकदा लाकडात शिरला की जन्माचा कैदी. नागअळीचे उलट: बालपण कोठडीत, मग पंख.

दोघांना प्रत्यक्ष पाहायचे तर? बीड जिल्ह्यातले मांजरसुंबा गाव बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर, समुद्रापासून सुमारे 300 किमी आत. टेरेडो तिथे दिसणार नाही. नागअळी मात्र बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही मोसंबीच्या बागेत शोधता येते. रेघ असलेले कोवळे पान उन्हासमोर धरावे. अळी वाढते तशी रेघ रुंदावते. म्हणून निमुळते टोक अंड्याचे, आणि अळी अजून आत असली तर ती रुंद टोकाशी, पिवळसर, चपटी.