नासलें कीं मुरलें?

वरण रात्रभर उघडें राहिलें तर तें आंबतें. आंबोळीचें पीठ मात्र आपण मुद्दाम आंबवितों. दोन्ही ठिकाणीं काम सूक्ष्म जंतूंचेंच. पण पहिला पदार्थ आपण टाकून देतों आणि दुसरा पानांत वाढतों. नासणें आणि मुरणें यांमधील सीमारेषा पदार्थांत किती आणि परीक्षकाच्या मनांत किती, हा प्रश्न आपल्याकडे स्वयंपाकघराबाहेर सहसा जात नाहीं. युरोपांत मात्र आंबट बिअरच्या बाबतींत याच प्रश्नावर एका सबंध प्रदेशाचा धंदा तगून राहणें वा बुडणें अवलंबून होतें. मद्याचा पुरस्कार करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. अभिरुचीचे कायदे कोण करतें आणि ते कसे बदलतात, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दाचीच साक्ष घेऊं. इंग्रजींतील ‘स्टेल’ हा शब्द आज शिळेपणाचा वाचक आहे. अठराव्या शतकांतील लंडनमध्यें मात्र ‘स्टेल’ बिअर म्हणजे मुरलेली, निवळलेली बिअर. ताज्या ‘माइल्ड’ बिअरहून तिला किंमत अधिक पडे. पोर्टर नांवाची काळसर बिअर महिनेच्या महिने प्रचंड लांकडी हौदांत ठेवीत, आणि तेथें तिला येणारी आंबटसर धार हा तिचा गुण समजत. १८१४ सालीं टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यूक्स यांच्या कारखान्यांतील असा एक हौद फुटला. बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तींत शिरला आणि आठ माणसें प्राणांस मुकलीं. हे हौद केवढे असत, याची ही दारुण साक्ष होय. पुढें एकोणिसाव्या शतकांत लोकांची आवड ताज्या बिअरकडे वळली, हौद ओस पडले, आणि स्तुतीचा शब्द निंदेचा झाला.

अभिरुचीच्या या पालटाला शास्त्राचें बळ मिळालें तें लुई पाश्चर याच्यामुळें. जर्मनीकडून १८७०–७१ च्या युद्धांत झालेला पराभव त्याच्या मनांत सलत होता. निदान बिअरच्या बाबतींत तरी फ्रान्सनें जर्मनीच्या तोडीस यावें, या ईर्षेनें त्यानें संशोधन केलें आणि १८७६ सालीं बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकांतच बिअरच्या ‘रोगां’चा उल्लेख आहे. आंबटपणा आणणारे जंतु त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविले, आणि आंबट बिअर ही रोगी ठरली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें १८८३ सालीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट बिअरच्या कामीं लाविलें. त्यानंतर चांगल्या कारखान्याचें लक्षण एकच उरलें : परका जंतु आंत येतां कामा नये.

आतां ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या पश्चिमेचा पायोटेनलांड हा प्रदेश पाहूं. येथील लँबिक नांवाच्या बिअरचा सगळा डोलारा परक्या जंतूंवरच उभा आहे. मोड आणून वाळविलेला सातू आणि सुमारें तिसरा हिस्सा कच्चा गहूं यांचा काढा, कडूपणा गेलेलीं जुनीं हॉपचीं फुलें घालून, बराच वेळ उकळतात आणि रुंद, उथळ, उघड्या हौदांत रात्रभर निवत ठेवतात. यीस्ट कोणी घालीत नाहीं. हवेंतून आणि वास्तूंतून जें येईल तें येईल. उन्हाळ्यांत नको ते जंतु माजतात, म्हणून हें काम थंडीच्या महिन्यांतच चालतें. पुढें लांकडी पिंपांत एक ते तीन वर्षें मुक्काम. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचें मिश्रण बाटलींत पुनः फसफसूं दिलें कीं ‘ग्यूझ’ तयार होते. पाश्चरच्या कसोटीनें पाहिलें तर ही बिअर जन्मतःच रुग्ण!

परंतु ज्या शास्त्रानें हा निकाल दिला, त्यानेंच पुढें त्याला मुरड घातली. हान्सेनच्याच कार्ल्सबर्गमधील क्लाउसेन यानें १९०४ सालीं दाखवून दिलें कीं, मुरलेल्या इंग्रजी बिअरचा खास स्वाद एका निराळ्या यीस्टमुळें येतो. त्याचें नांव त्यानें ‘ब्रेटॅनोमायसिस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असें ठेविलें. १९७७ सालीं लूव्हेन येथील संशोधकांनीं लँबिकच्या पिंपांतील जंतूंचा क्रम प्रसिद्ध केला : आधीं आंत्रवर्गीय जंतु, मग नेहमींचें यीस्ट, मग दह्यांतलेंच आम्ल निर्माण करणारे जंतु, आणि शेवटीं सावकाश वाढणारें ब्रेटॅनोमायसिस. जेथें अनागोंदी दिसत होती तेथें क्रम होता.

दरम्यान बाजारानें आपला निर्णय दिलाच होता. विसाव्या शतकांत गोड पेयांची चटक लागलेल्या गिऱ्हाइकासाठीं पुष्कळ उत्पादक ग्यूझमध्यें साखर घालूं लागले. जुन्या पद्धतीचे कारखाने एकामागून एक बंद पडले. १९६५ सालीं बेल्जममध्यें राजाज्ञेनें लँबिक आणि ग्यूझ यांच्या व्याख्या ठरविण्यांत आल्या. आंडरलेख्त येथील कांतियों या १९०० सालीं स्थापन झालेल्या कारखान्यानें १९७८ सालीं आपल्या चालत्या वास्तूंतच संग्रहालय उघडलें. १९९७ सालीं युरोपीय संघानें परंपरागत ग्यूझच्या ‘आउडे’, म्हणजे ‘जुनी’, या विशेषणास संरक्षण दिलें. लंडनमध्यें जुनेपणाचा शब्द शिवी झाला होता. ब्रुसेल्समध्यें तोच अर्थ कायद्यानें प्रतिष्ठित झाला.

आज या बिअरची परीक्षा होते ती कशी? अमेरिकेंत १९८५ सालीं सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पद्धतींत पन्नास गुण असतात : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, जिभेवरील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. परीक्षक प्रथम हुंगतो, मग घोट घेतो. आंबट आहे काय, एवढ्यावर तो थांबत नाहीं; आंबटपणा कोणता, हें तो विचारतो. दह्याचा गोलसर आंबटपणा निराळा आणि व्हिनेगरचा नाकांत चढणारा निराळा. लँबिकमध्यें दुसरा किंचित् चालतो, फार झाला तर दोष ठरतो. फ्लँडर्सच्या तांबड्या बिअरमध्यें त्याला थोडी अधिक मुभा आहे. तबेल्याची आठवण करून देणारा वास इतर बिअरमध्यें दोष, पण लँबिकमध्यें भूषण. उलट धुराचा किंवा चीजचा वास येथेंहि अक्षम्य.

अलीकडे अनेक देशांतील लहान कारखाने थोड्या दिवसांत जंतूंकरवीं काढा आंबवून आंबट बिअर करतात. ती वाईटच असते असें नव्हे; परंतु जी अधिक आंबट ती अधिक श्रेष्ठ, ही समजूत बळावली तर तीन वर्षें पिंप राखणाऱ्याचें कौशल्य मोजावयास कोणतेंच माप उरणार नाहीं. पाश्चरचा सूक्ष्मदर्शक खोटें बोलला नव्हता. जंतु होते, आणि स्वच्छ बिअर करूं पाहणाऱ्याचें ते खरोखरच नुकसान करीत. त्यांस सर्वत्र रोग हें नांव देणें, हा मात्र सूक्ष्मदर्शकाचा नव्हे, माणसाचा निर्णय होता. म्हणून परीक्षकानें पेला ओठांशीं नेण्यापूर्वीं ही वस्तु काय होऊं पाहत होती, हें जाणून घेतलें पाहिजे. तेवढें जाणल्यावर ती साधली कीं फसली, हें निर्भीडपणें सांगण्याचा अधिकार त्याला येतो.