हाणामारीची खतावणी

दहाव्या वर्षी मी गल्लीतल्या व्हिडिओवर एक चिनी मारधाडपट पाहिला आणि घरी येऊन गाद्यांच्या वळकटीला उडती लाथ घातली. वळकटी जागची हलली नाही. शेजारचा माठ मात्र कामी आला. त्यानंतर वडिलांनी माझ्यावर जी विद्या चालवली, ती अस्सल देशी होती. तेव्हापासून या विषयाशी माझा संबंध वाचनापुरताच उरला.

"अहो, मूळ सगळं आपलंच! आपला बोधिधर्म चिन्यांना शिकवून आला," असं शेजारच्या काउंटरवरचे सहकारी दर चहाला सांगतात. तांग हाओ नावाच्या चिनी संशोधकाने १९३० सालीच जुने कागद तपासून ही नोंद खोडून टाकली आहे. मी ते सांगत नाही. चहाचे पैसे तेच देतात.

शेकडो वर्षं ही विद्या गुरूकडून चेल्याकडे, बंद दाराआड चालली. १९१० साली शांघायला चिंग वू संस्था निघाली आणि दार सर्वांना उघडलं. पुढे बायकाही शिकू लागल्या. १९२८ साली नानजिंगला सरकारी मध्यवर्ती संस्था आली. त्याच वर्षी देशभरच्या मल्लांना मंचावर चढवून 'राष्ट्रीय परीक्षा' घेतली. इतके जण जायबंदी झाले, की शेवटच्या लढती रद्द कराव्या लागल्या. परीक्षार्थीच संपले तर निकाल कुणाचा लावणार?

१९४९ नंतरच्या राजवटीने यावर खास सरकारी तोडगा काढला. माणसं एकमेकांना मारतात ना? मग समोरचा माणूसच काढून टाका! पन्नासच्या दशकात लढती मागे पडल्या आणि परीक्षकांपुढे ठरावीक हालचाली करून दहापैकी गुण मिळवायचे, अशी 'वुशू'ची घडण झाली. १९५६ साली ताईचीची लांबलचक मालिका छाटून २४ हालचालींत बसवली. तोल डळमळला, एक दशांश गुण वजा! म्हणजे आमचीच खतावणी. दहा पैशांच्या फरकापायी आमच्या कॅशियरने बायकोचा वाढदिवस बुडवलेला मी पाहिला आहे.

याच शिस्तीतून जेट ली निघाला. १९७४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्याने व्हाइट हाउसला निक्सनसमोर हात दाखवले. पण लढतीची खुमखुमी कशी जाणार? १९७९ साली ती 'सांदा' नावाने, प्रयोगादाखल, परत आली. आज ती आठ मीटर चौरस, ८० सेंटिमीटर उंच मंचावर खेळतात. समोरच्याला खाली पाडलं की गुण. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत वुशू दाखल झाली. २०२३ साली हांगझोहून मणिपूरच्या रोशिबिना देवीने सांदाचं रौप्यपदक आणलं.

जुन्या उस्तादांची कुरकुर अशी, की ही विद्या नव्हे, नुसती कवायत. मीही मान डोलवायचो. मग आमची कन्या वुशूच्या वर्गाला जाऊ लागली. परवा स्पर्धेत उडी मारून उतरताना तिचा पाय सरकला आणि एका दशांशाने पदक हुकलं. ती रात्री जेवली नाही. "अगं, एक दशांश म्हणजे काय मोठं?" मी म्हणालो. आयुष्यभर दहा पैसे शोधणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

सकाळी सहाला गच्चीवर धप्‌धप्‌ आवाज. बघतो तर एकटीच तीच उडी पुन्हा पुन्हा मारतेय. समोर शत्रू नाही, परीक्षक नाही, बघणारं कुणी नाही. नानजिंगच्या मंचावरचे मल्ल तरी याहून वेगळं काय करत होते?

मी काही बोललो नाही. खाली आलो आणि माठ तेवढा उचलून आत ठेवला.