वर्ण, मत आणि शिकागो शहर

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याची ओळख बहुधा दलित पँथरच्या वाटेने होते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संघटनेने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि तेथेच थांबतो. विद्रोहापुढचा, मतपेटीचा अध्याय सहसा उघडला जात नाही. स्थानिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांनी आपल्याच वर्णाच्या उमेदवारामागे एकमुखाने उभे राहावे काय आणि त्याने त्यांचे हित साधते काय, हा त्या अध्यायातील कळीचा प्रश्न आहे. शिकागो या एकाच शहराच्या आधारे आम्ही त्याचा विचार करू इच्छितो.

या प्रश्नावर दोन भूमिका मांडल्या गेल्या. बेयार्ड रस्टिन यांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले की, नागरी हक्क मिळाल्यावर उरणारे प्रश्न रोजगाराचे व घरांचे आहेत आणि ते कामगार संघटना व उदारमतवादी यांच्याशी आघाडी केल्याखेरीज सुटणार नाहीत. उलट स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ च्या ‘ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात आधी स्वतःची फळी बांधण्याचा आग्रह धरला. बळ नसलेल्याने केलेली आघाडी दुसऱ्याच्याच कामी येते, असा त्यांचा रोख होता.

शिकागोचा अनुभव या दोन्ही भूमिकांची परीक्षा घेतो. रिचर्ड जे. डेली १९५५ पासून १९७६ पर्यंत तेथे महापौर होते. नोकऱ्या आणि लहानमोठी कामे देऊन प्रभागाप्रभागातील मते राखणाऱ्या त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेला लोक ‘मशीन’ म्हणत. शहराच्या दक्षिण भागातील एकगठ्ठा मते विल्यम डॉसन हे कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य या यंत्रणेच्या पदरात टाकीत. म्हणजे एकजूट होती आणि आपल्या वर्णाचा प्रतिनिधीही होता; तरीही वस्त्यांतील आणि शाळांतील वर्णविभाजन कायमच राहिले. मते हमखास मिळणार हे ठाऊक असल्याने त्यांची किंमत मोजण्याची गरज मशीनला भासली नाही.

४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात ब्लॅक पँथरचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन मारला गेला. हा छापा परगण्याचे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान यांच्या कार्यालयाने आखला होता. १९७२ साली हॅनरहान पुन्हा उभे राहिले, तेव्हा एरवी डेमोक्रॅटिक पक्षाची पाठ न सोडणारे कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने रिपब्लिकन उमेदवाराकडे वळले आणि हॅनरहान पडले. निवडून आलेले बर्नार्ड केरी गौरवर्णीय होते. आमच्या मते, या शहरातील कृष्णवर्णीय एकजुटीचे पहिले खरे दर्शन येथे घडते, आणि त्या मतपत्रिकेवर त्यांच्या वर्णाचा विजेता नव्हता.

१९८३ साली हॅरॉल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्याआधी लाखाहून अधिक नव्या मतदारांची नोंदणी झाली होती. अनेक डेमोक्रॅटिक प्रभागनेते आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला सोडून रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्यामागे गेले. वॉशिंग्टन यांना सुमारे ५२ टक्के मते मिळाली. कृष्णवर्णीयांची जवळजवळ सर्व मते त्यांना होती. परंतु लॅटिनो आणि काही गौरवर्णीय मतदारांवाचून विजय अशक्य होता. महापालिकेत २९ नगरसेवकांच्या गटाने त्यांना जवळपास तीन वर्षे रोखून धरले. न्यायालयाच्या आदेशाने प्रभागांची फेरआखणी होऊन १९८६ मध्ये सात प्रभागांत मतदान झाले. लुईस गुटिएरेझ या लॅटिनो उमेदवाराच्या विजयाने बलाबल २५–२५ झाले आणि महापौरांचे निर्णायक मत कामी आले. फळी आधी बांधली गेली हे खरे, पण सत्ता चालली ती आघाडीमुळे.

हित किती साधले? महापालिकेच्या कंत्राटांपैकी २५ टक्के अल्पसंख्य उद्योजकांना मिळावीत, असे उद्दिष्ट १९८५ च्या आदेशाने ठरले. वशिल्याच्या नोकरभरतीवर बंधने आली. परंतु १९८० साली बंद पडलेला विस्कॉन्सिन स्टीलचा कारखाना कोणताही महापौर पुन्हा सुरू करू शकत नव्हता. रस्टिन यांचा आक्षेप येथे अबाधित राहतो.

२५ नोव्हेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टन यांचे पदावर असतानाच निधन झाले. त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. त्यांच्या जुन्या विरोधकांनी मोजक्या कृष्णवर्णीय नगरसेवकांना हाताशी धरून यूजीन सॉयर या कृष्णवर्णीय नगरसेवकालाच महापौर केले. वॉशिंग्टन यांच्या समर्थकांना टिमथी इव्हान्स हवे होते; हजारो लोक महापालिकेबाहेर निषेधासाठी जमले. केवळ वर्ण पाहिला तर त्यांचे काहीच हिरावले गेले नव्हते. त्यांची तक्रार कार्यक्रम आणि आघाडी हातची गेल्याची होती. १९८९ साली ही फूट भरून निघाली नाही. डेली यांचे पुत्र रिचर्ड एम. डेली निवडून आले आणि २०११ पर्यंत महापौर राहिले.

म्हणून वर्णाधारित एकजूट हिताची की अहिताची, हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. ते मत कोणी गृहीत धरू शकतो काय, हे आधी विचारले पाहिजे. डॉसन यांच्या काळात ते धरता येत होते. १९७२ मध्ये आणि १९८३ मध्ये आले नाही. २०१९ च्या अंतिम फेरीत लोरी लाइटफूट आणि टोनी प्रेकविंकल या दोन्ही उमेदवार कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. तेव्हा वर्णाने कोणताही कौल दिला नाही. निवड कारभार आणि धोरण पाहूनच करावी लागली.