धबधबा पद्धती आणि कामगाराचा शब्द

कचेरीत संगणकाची नवी व्यवस्था येते तेव्हा तिच्याबरोबर कामाची नवी रीतही येते. ती रीत कोणाला विचारून आखली जाते, हे पाहावयाचे तर थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

1956 साली हर्बर्ट बेनिंग्टन यांनी अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ योजनेचा अनुभव सांगताना कामाचे क्रमवार टप्पे मांडले. यंत्राचा वेळ तेव्हा अतिशय महाग होता. आधी पुरता विचार, मग कृती, हे शहाणपणाचेच होते.

1970 साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात सात पायऱ्यांचे चित्र काढले. गरजांची नोंद दोन पायऱ्यांत, मग पृथक्करण, आराखडा, आज्ञावलीचे लेखन, चाचणी आणि शेवटी वापर. एक पायरी संपल्यावर दुसरी. पाणी वरून खाली कोसळावे तसा हा क्रम; म्हणून पुढे त्याला ‘धबधबा’ म्हणू लागले. रॉइस यांनी हा शब्द वापरलेला नाही. उलट, चाचणी अखेरीस आल्याने मोठी चूक तेव्हाच उघडी पडते व काम पुन्हा आरंभाशी जाते, असा इशारा त्यांनी तेथेच दिला. नवे काम असेल तर ते दोनदा करावे, ज्याच्यासाठी करावयाचे त्याला वेळोवेळी सामील करून घ्यावे, असेही सुचविले. पण लोकांनी चित्र उचलले, इशारा मागे राहिला!

असे का व्हावे? ठरलेल्या टप्प्यांवर करार करता येतो, पैसे चुकते करता येतात. वरिष्ठांना ते सोयीचे असते. परंतु काम कोठे अडते हे जाणणारा कारकून वा कामगार बहुधा शेवटच्या पायरीवर भेटतो. तोवर सारे ठरून गेलेले असते.

नॉर्वेत निराळा मार्ग निघाला. ‘सिम्युला’ या संगणकभाषेचे एक जनक क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी 1970 नंतरच्या वर्षांत तेथील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कामगारांनी आपापल्या कारखान्यातील व्यवस्थांचा स्वतः अभ्यास केला. 1975 साली तेथील मालक व कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत याविषयी करारही झाला.

गरजा पक्क्या ठाऊक असतील तेथे पायऱ्यांची शिस्त आजही उपयोगी आहे. पण त्या गरजा सांगणार कोण? नवी व्यवस्था येणार असे कळताच पहिल्याच बैठकीत आपला माणूस बसला पाहिजे. चाचणीचे बोलावणे येईपर्यंत थांबणे परवडणार नाही.