यमकातून अक्षराकडे

मंडळी, मराठीच्या शिक्षणाशी सुरतेचे नाते जुने आहे. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच शहरात इंग्रजी शाळेवर होते. दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी येथेच १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. त्या काळी मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे असा घोकंपट्टीचा क्रम असे. अर्थ आणि गंमत शेवटी.

हा क्रम बदलण्याचे काम गुजरातेतच झाले, आणि त्यात एका मराठी बाईंचा मोठा वाटा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. काही वर्षांतच ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघे, नंतर मराठीतही निघू लागली. गाणे, गोष्ट आणि खेळ हा अभ्यासाआधीचा विरंगुळा नसून अभ्यासच आहे, हे त्यांनी पालकांना पटवले. १९४५ मध्ये ताराबाई आपल्या हद्दीलगतच्या बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडला. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांना पाने, खडे, शिंपले घेऊन, त्यांच्या बोलीतूनच शिकवले.

यमकाचा वाचनाला उपयोग का होतो? ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे ४०० मुलांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना यमक ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनात सरस ठरली. ज्यांना आवाजाबरोबर अक्षरेही हाताळायला दिली, त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. म्हणजे नुसते बडबडगीत पुरत नाही. ते छापलेले समोर हवे आणि ओळीखाली बोट फिरायला हवे.

मराठीत तर याची गरज अधिकच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहिताना एक, उच्चारताना दोन. ‘क-म-ळ’ असे सुटे वाचणाऱ्या मुलाला ‘कमळ’ सापडत नाही. शब्द आधीच कानात असेल तर लगेच सापडतो. चित्र अर्थ सांगते, यमक पुढचा शब्द सुचवते, आणि अक्षर त्या अंदाजाची खात्री करून देते. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’सारख्या (१९६१) बालकवितांनी आपल्याकडे ही वाट रुंद केली.

आता आपल्या घरांकडे पाहू. लिंबायत-उधन्याकडे महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आपल्या घरांतली मुले बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात. माझ्या दवाखान्यात आजीशी फडाफडा मराठी बोलणारी नातवंडे येतात, पण मराठी पाटी दिसली की गप्प होतात. त्यांचे कान मराठी आहेत, डोळे नाहीत. गुजराती वाचणाऱ्या मुलाला बरीच अक्षरे ओळखीची वाटतात. शिरोरेघेची सवय आणि थोडी वेगळी अक्षरे एवढेच अंतर उरते. हिंदीच्या तासाला देवनागरी शिकलेल्याला तर तेही नाही.

म्हणून वेगळ्या शिकवणीची गरज नाही. रोज रात्री दहा मिनिटे, एकच पातळ सचित्र पुस्तक, आठवडाभर तेच. आजीने वाचावे, ओळीचा शेवटचा शब्द मुलाने म्हणावा, बोट त्याचेच असावे. मंडळाच्या ग्रंथालयात कादंबऱ्यांची कपाटे भरलेली आहेत. त्यांतला एक खालचा, मुलांचा हात पोहोचेल असा खण अशा पुस्तकांसाठी रिकामा करावा, एवढीच माझी विनंती आहे. वाचणारी पिढी नसेल तर उरलेली कपाटे कोणासाठी ठेवायची?